टाचेच्या रक्ताचा रिपोर्ट

थायरॉईड म्हणलं की लोकांना वजन वाढलेली, दमलेली मोठी माणसं आठवतात, पण आमच्या लॅबमध्ये थायरॉईडच्या ज्या रिपोर्टने मला सगळ्यात जास्त पळवलं तो एका आठवड्याच्या बाळाचा होता.

जन्मतः थायरॉईड कमी आहे का हे बघायला नवजात बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब जाड फिल्टर पेपरच्या कार्डवर घेतात आणि ती कार्डं आमच्याकडे येतात. दिसायला सोपं काम. टाच आधी कोमट कपड्याने शेकायची, मधोमध न टोचता कडेला टोचायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा, पुढचा थेंब गोलात एकदाच टेकवायचा आणि तो मागच्या बाजूपर्यंत मुरला पाहिजे. थेंबावर थेंब टाकला की सँपल बाद. मग कार्ड आडवं ठेवून सावलीत तीन-चार तास वाळवायचं, घाईत ड्रायर मारणारे महाभाग पण असतात, असो.

तर त्या दिवशी सकाळच्या बॅचमध्ये एका कार्डचा टीएसएच आला 88. टीएसएच म्हणजे थायरॉईड ग्रंथी कमी पडली की तिला कामाला लावायला वाढणारा हार्मोन. आमचा कटऑफ 20, त्याच्या वर गेला की शंका.

पहिली शंका वेळेची. जन्मल्यावर अर्ध्या तासात बाळाचा टीएसएच एकदम उसळतो, 60-80 पर्यंत जातो आणि मग एक-दोन दिवसात खाली येतो, त्यामुळे डिस्चार्ज लवकर आहे म्हणून पहिल्याच दिवशी टोचलेल्या बाळांचे रिपोर्ट उगाच वाढलेले येतात आणि आईबापाची झोप उडते. म्हणून शक्यतो 48 तास झाल्यावर सँपल घेतात. कार्डवर वेळेचा रकाना असतो, तो बरेचदा कोराच येतो (यावरून मी सिस्टर लोकांशी किती भांडलेय ते विचारू नका), पण यावर लिहिलेलं होतं, 56 तास. म्हणजे ती पळवाट बंद. त्याच कार्डच्या दुसऱ्या गोलातून छोटी चकती कापून टेस्ट परत लावली तर 91.

बाळाच्या डॉक्टरांना कळवलं, ते म्हणले आजच्या आज बोलवा. वडिलांना फोन केला. "मॅडम, बाळ एकदम ओके आहे, आणि आमच्या घरात कुणालाच थायरॉईड नाही." आता जन्मतः थायरॉईड कमी असलेली बहुतेक बाळं अशाच घरातली असतात, कारण मुळात पोटात असताना थायरॉईडची ग्रंथीच नीट बनलेली नसते, वारसाहक्काचा संबंध क्वचितच. आणि आईचा हार्मोन थोडाफार बाळापर्यंत पोचत असतो त्यामुळे जन्मतः बाळ अगदी नॉर्मल दिसतं. हे मी सांगत होते तेवढ्यात आजींनी फोन घेतला. "अहो ताई, इतकं गुणी लेकरू आहे, रडत म्हणून नाही, दुधाला पण आम्हीच उठवतो त्याला."

त्या कौतुकाने सांगत होत्या आणि इकडे माझ्या पोटात गोळा आला. कावीळ गेली का विचारलं, तर नाही, अजून पिवळं आहे. शी? दोन-दोन दिवस नाही. सगळी थायरॉईड कमी असल्याचीच लक्षणं. म्हणलं आजी, लगेच निघा.

मोठ्या माणसाचा टीएसएच 6-7 आला तर आपण आरामात 6 ते 8 आठवड्यांनी परत करा म्हणतो, काही बिघडत नाही. इथे मेंदू वाढतोय आणि त्याला थायरॉईडचा हार्मोन लागतो, म्हणून थायरॉईडची गोळी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालेली बरी. 1970 च्या दशकात कॅनडात क्वेबेकला अशी सरसकट तपासणी सुरू झाली, त्याआधी चेहरा सुजलेला आणि जीभ बाहेर आलेली दिसेपर्यंत कितीतरी महिने जायचे आणि तोवर झालेलं नुकसान भरून निघत नसे.

दुपारी आले. शिरेतून रक्त काढताना बाळ रडलं, पण आवाज घोगरा, घसा बसल्यासारखा. टीएसएच मशीनच्या 100 च्या लिमिटच्या वर, फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉईडचा स्वतःचा हार्मोन, 0.3, म्हणजे जवळजवळ नाहीच. प्रिंटची वाट न बघता डॉक्टरांना फोनवरच आकडे सांगितले आणि संध्याकाळी लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे त्याच हार्मोनची गोळी, चालू पण झालं, वजनाच्या दर किलोला 10 ते 15 मायक्रोग्रॅमच्या हिशोबाने, गोळी कुस्करून चमचाभर आईच्या दुधात. बाटलीत नाही, अर्धी गोळी बाटलीच्या तळाशीच राहते. आयर्न-कॅल्शियमचे ड्रॉप्स असले तर ते वेगळ्या वेळी.

नंतर दर दोन आठवड्यांनी सँपल यायचं, टीएसएच भराभर उतरला. मधे आजींचा फोन, "ताई, रात्रभर रडतंय हो, गोळीने तर नाही ना?" डोस जास्त झाला तरी बाळ चिडचिडं होतं, म्हणून डॉक्टरांनी लगेच टी-फोर करायला लावला, तो व्यवस्थित निघाला. भूक लागली होती त्याला, बाकी काही नाही. सोनोग्राफीत मात्र ग्रंथी जागेवर दिसलीच नाही, स्कॅनमध्ये पण कुठे सापडली नाही, त्यामुळे काही बाळांची गोळी तिसऱ्या वर्षी थांबवून बघतात तसं याचं होणार नाही, याला ती कायमची आहे.