उशीत खोचलेली सुई

ग्लासगोहून सुट्टीत नागपूरला आले की पहिले दोन दिवस माझा मुक्काम मानेवाड्याला ताईकडे असतो. या वेळी गेले तर भाची गादीवर बसून कुर्त्याची उसवलेली शिवण घालत होती. तिचा उजवा हात जन्मापासून कमजोर आहे. बाळंतपणात खांद्याजवळच्या नसा ताणल्या गेल्या, तेव्हापासूनचा. तिने सुई उशीत उभी खोचली, दोऱ्याचं टोक ओलं केलं आणि डाव्या हाताने एका झटक्यात ओवलं.

"हे कोणी शिकवलं गं?"

"कोण शिकवणार मावशी? माझं मीच शोधलं."

या मुलीने २०२४ साली डॉक्टर व्हायचं म्हणून 'नीट' ही प्रवेशपरीक्षा दिली होती. दिव्यांग कोट्यातून प्रवेश मिळेल इतके गुण होते. मग तपासणी मंडळासमोर जावं लागलं. तिथे हाताचे कोन मोजले, टक्केवारी लिहिली आणि दहा मिनिटांत 'अपात्र' ठरवलं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे हालचालींचं अपंगत्व ४० ते ८० टक्के असलं तरी चालत होतं, पण दोन्ही हात शाबूत हवेत, त्यांत संवेदना, ताकद आणि हालचाल पुरेशी हवी, अशी अट होती. ताईला आजही एकच गोष्ट सलते. "तू हे काम कसं करशील, असं तिला कोणी एका शब्दाने विचारलं नाही गं."

हा प्रश्न विचारणं हे तिकडे माझं रोजचं काम आहे. मी नागपुरातच फिजिओथेरपी शिकले आणि आता स्कॉटलंडमध्ये डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांना रुग्णतपासणीची कौशल्यं शिकवते. त्यांची परीक्षाही घेते. एकामागून एक टेबलं, प्रत्येकावर एक काम, घंटा वाजली की पुढे सरकायचं. ओस्की म्हणतात तिला. ही पद्धत १९७५ साली रोनाल्ड हार्डन यांनी स्कॉटलंडमधल्याच डंडी शहरात मांडली. आता ती आपल्या मेडिकलच्या मुलांनाही ठाऊक आहे.

ब्रिटनच्या २०१०च्या समानता कायद्याने एक रेघ स्पष्ट आखली आहे. डॉक्टरला जे आलंच पाहिजे, त्यात सूट नाही. ते करण्याची आणि तपासण्याची रीत मात्र बदलता येते, आणि वाजवी असेल तिथे बदलावीच लागते. माझ्या एका विद्यार्थिनीला खूप कमी ऐकू येतं. ती इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप थेट श्रवणयंत्राला जोडते आणि हृदयाचे ठोके मोबाइलच्या पडद्यावर उमटतानाही बघते. तिच्यासाठी आम्ही पारदर्शक मास्क मागवले, कारण ओठ दिसले नाहीत की समोरच्याचं अर्धं बोलणं तिला कळत नाही. हृदयातली कुरकुर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, ओळखायला तिला कुणीच मदत केली नाही, करायचीही नव्हती. ती तिनेच ओळखली.

तिकडे सगळं छान आहे असं मात्र समजू नका. कॉलेजात ठरलेली सोय मुलगी वॉर्डात पोचली की कुणाला माहीतच नसते. दर दोन महिन्यांनी नवा वॉर्ड, नवा कन्सल्टंट, आणि तिने पुन्हा पहिल्यापासून आपली कहाणी सांगायची. मोजकी मुलं तर थकून सांगणंच बंद करतात. अपंगत्व लपवून शिकणारी मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांचं मला फार वाईट वाटतं. तिथल्या मेडिकल कौन्सिलने २०१९मध्ये या मुलांसाठी सविस्तर मार्गदर्शिका काढली आहे, पण वॉर्डातल्या माणसाने ती वाचायलाही हवी.

नागपुरात हे बोलले की डॉक्टर मित्र लगेच विचारतात, "रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत ती एकटी असली तर एका हाताने रुग्णाच्या श्वासनलिकेत ट्यूब कशी टाकेल?" प्रश्न खरा आहे, तो मी झटकत नाही. आपल्याकडे एमबीबीएस झालेल्या मुलीला प्राथमिक आरोग्य केंद्रात खरोखर एकटं राहावं लागतं. कदाचित भाचीला ट्यूब टाकता येणार नाही. पण ती कधी टाकायची, कशी टाकायची हे तिला येईल, आणि शेजारच्या माणसाकडून ते काम करून घेता येईल. आम्ही परीक्षेतही हे तपासतो. व्हीलचेअरवरचा मुलगा बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबण्याचं काम दुसऱ्याला सांगतो, वेग आणि खोली चुकली की तिथल्या तिथे सुधारतो. आणि एकटीला सोडणारी व्यवस्था दोन हातांच्या डॉक्टरलाही कुठे धड वागवते? डॉ. सुरेश अडवाणी पोलिओमुळे व्हीलचेअरवर. त्यांनाही आधी प्रवेश नाकारला गेला होता. त्याच माणसाने १९८३ साली भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं.

आता ताईला आणि तिच्यासारख्या सगळ्या आईबापांना हे सांगायचं आहे. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा. त्यात २१ प्रकारची अपंगत्वं आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा आहेत. ऑक्टोबर २०२४मध्ये ओमकार गोंड या विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नुसत्या टक्केवारीवरून कुणाला बाद करता येणार नाही. तो विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल का, हे मंडळाने तपासलं पाहिजे. मग २१ फेब्रुवारी २०२५ला अनमोल नावाच्या विद्यार्थ्याच्या खटल्यात 'दोन्ही हात शाबूत' या अटीवरच न्यायालयाने बोट ठेवलं. ही अट कायद्याच्या आणि संविधानाच्या विरोधात जाते, असं म्हटलं. दोन्ही वेळा खंडपीठावर न्या. भूषण गवई होते, आपल्या अमरावतीचे, नागपूर खंडपीठात वकिली केलेले.

म्हणून पुन्हा मंडळासमोर जायचं झालं तर युडीआयडी कार्डासोबत, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासोबत, एक वही न्यावी. त्यात रोजची कामं आणि ती कशी करता ते लिहावं. जमत असेल तर व्हिडिओ काढावेत. मंडळाने 'नाही' म्हटलं तर कारण लेखी मागावं, कारण पुढे अपील करायचं तर तेच लागतं.

भाची दोन वर्षांपासून बीएस्सी करून राहिली. नीटचं नाव घरात निघत नव्हतं. मी निघायच्या आदल्या रात्री तिने माझं बीपी मोजायचं यंत्र उघडलं. पट्टा आधीच गोल जुळवला आणि भाऊजींच्या दंडावर बाहीसारखा चढवला. स्टेथोस्कोपची चकती पट्ट्याच्या कडेखाली सरकवली. फुगा डाव्या तळहातात, झडप त्याच हाताच्या अंगठ्याखाली. पहिल्यांदा हवा भसकन सुटली. दुसऱ्यांदा वरचा आकडा हुकला. तिसऱ्यांदा तिने सांगितलं, "१३८, ८४."

मी मोजलं. १३६, ८४ आलं.

"एवढा फरक चालतो का मावशी?"

"चालतो," मी म्हटलं. तिने वही काढली आणि पहिल्या पानावर तारीख घातली.