कल्हईची वायर

शनिवार, खंडेनवमीची आदली रात्र

उद्या हत्यारं पाटावर जातील. पक्कड, क्रिम्पिंगचा चिमटा, मल्टिमीटर, स्क्रूड्रायव्हर, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं की दिवसभर त्यांना हात लावायचा नाही, असा आमच्या घरचा नेम. म्हणून काहीही झालं तरी बोनेटखालचं काम आज संपवायचं होतं. साडेदहा वाजलेत, नखांतलं काळं अजून निघालेलं नाही, पण काम झालंय. झोप यायच्या आत लिहून ठेवते.

घटस्थापनेपासून गाडी पडवीसमोर पोट उघडं टाकून उभी होती. मारुती ८००, १९९७ची, कार्बोरेटरवाली. ही गाडी बनणंच २०१४ साली बंद झालं, त्यामुळे वायरिंगचा अख्खा नवा संच मिळेल ही आशा मी कधीच सोडली. आहे ते उकलायचं, खराब तेवढं बदलायचं आणि पुन्हा नीट बांधायचं, एवढंच हाती होतं.

खरं तर हे काम तीन वर्षांपूर्वी मी पैसे देऊन करून घेतलं होतं. शहरातल्या एका गॅरेजने सगळ्या वायरी उचलून डाव्या मडगार्डाच्या पोकळीत घातल्या. बोनेट उघडलं की फक्त इंजिन, बॅटरी आणि एअर फिल्टरचं काळं डबडं. मला ते इतकं आवडलं होतं की आल्यागेल्याला उघडून दाखवत होते. बाबांनी मात्र बघताक्षणी सांगितलं, “अगो, वायर दिसली पाहिजे. दिसते ती तुटली तर कळते तरी.” मी म्हटलं, बाबा, तुमच्या वेळची गोष्ट वेगळी. त्यांच्या हातची वायरिंग मला आठवत होती. हॉर्नला जादा वायर, कोल्हापूरला जायचं म्हणून लावलेला पिवळा धुक्याचा दिवा, गॅस किटच्या वेळची कुठे न जाणारी एक लाल वायर, आणि सगळं रबरी टेपने एअर फिल्टरच्या नळीला बांधलेलं. दिसायला वाईट होतं. पण पंचवीस वर्षांत त्या वायरिंगने आम्हाला रस्त्यात सोडलं नाही, हे मी तेव्हा मोजलं नाही.

पुढच्याच जुलैत कोल्हापूरहून परत येताना आंबा घाट उतरायला लागलो. पाऊस असा की वायपर आहेत की नाहीत कळू नये. बाजूला बाबा, मागे आई. दोन्ही हेडलाइट आधी पिवळे पडले, मग निखाऱ्यासारखे लाल झाले आणि गेले. पुढे एक एसटी होती. तिच्या मागच्या दोन लाल दिव्यांवर डोळे लावून साखरप्यापर्यंत आलो. त्या अर्ध्या तासात बाबा एक शब्द बोलले नाहीत. नंतरही बोलले नाहीत. मला ते जास्त लागलं.

मडगार्ड उघडल्यावर कारण हातात आलं. दोन्ही दिव्यांची मिळून अर्थची, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून परत नेणारी, एकच जोड, नुसती पिळून वर टेप गुंडाळलेली आणि नेमकी पोकळीच्या तळाशी टाकलेली. तिथे चाकाने उडवलेला चिखल, सुकी पानं, आणि वर उंदराने नारळाचं सोडण पिंजून केलेलं घरटं. पावसाचं पाणी तिथे दिवसचे दिवस मुरत होतं. आम्ही राहतो रत्नागिरीहून पावस गावाकडे जाणाऱ्या वाटेवर, भाट्याची खाडी ओलांडून, समुद्र हाकेच्या अंतरावर. इथे खिडकीच्या गजांना दर दोन वर्षांनी रंग द्यावा लागतो. त्या हवेत पिळलेली तांब्याची जोड पाण्यात बसवून ठेवली होती. तेव्हा मी जोड बदलून काम भागवलं. यंदा पावसाळ्यानंतर दिवे पुन्हा मंद वाटायला लागले, तेव्हा ठरवलं की आता अर्धवट नाही.

पहिल्या दिवशी वायर सोलली तर आत हिरवी पूड. त्या पुडीची चव जिभेला लागल्यासारखी वाटावी असा तो वास. थोडी मागे कापली, तिथेही काळं. मिरकरवाडा बंदरात बोटींची वायरिंग करणारे एक चाचा आहेत, त्यांच्याकडे तुकडा घेऊन गेले. जून-जुलैची मासेमारीबंदी संपून बोटी सुटल्या की त्यांना मान वर करायला वेळ नसतो, तरी त्यांनी तुकडा हातात घेतला. “अजून एक वीत काप पोरी.” कापली. “अजून एक.” तिसऱ्या विताला तांबं तांब्यासारखं दिसलं. देव्हाऱ्यात नंदादीप तेवतोय, त्याच्या वातीत तेल जसं चढतं, तसं खारं पाणी वायरच्या बारीक तारांमधून चढत जातं. वरचं प्लास्टिक धड, आतली तार खलास. टोकाशी नवा लग, म्हणजे बोल्टला किंवा कपलरला धरणारा धातूचा तुकडा, बसवून काही उपयोग नसतो तो यामुळे.

मग त्यांनी पेटीतून त्यांची वायर काढून सोलून दाखवली. आत तांबूस काही नाहीच, सगळ्या तारा चांदीसारख्या पांढऱ्या. “कल्हई केलेली हाय ही. प्रत्येक तारेला.”

बोटीच्या वायरला कथलाचा मुलामा असतो हे मी वाचलं होतं, पण कल्हई म्हटल्यावर ते पोटात उतरलं. आजीच्या पितळी पातेल्यांना कल्हई करायला माणूस यायचा तेव्हा मी अंगणात त्याच्यासमोर उकिडवी बसून असायची. भाता, तापून लाल झालेलं पातेलं, नवसागराची चिमूट टाकली की नाकात जाणारा पांढरा धूर, आणि मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एका फेऱ्यात फिरवलेली ती चकाकी. कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. वायरचंही तेच आहे. उघडं तांबं, वर खारट ओल, आणि ती कळकते. फरक इतकाच की पातेलं रोज दिसतं.

त्यांच्याकडून अडीच एमएमची कल्हईवाली वायर घेतली. साधी वायर स्वस्त पडली असती, पण किनाऱ्यावर राहून गाडीच्या झाकलेल्या भागात साधी वायर घालणं मला आता पटत नाही.

त्या दिवशी घरी येताना मनाशी एकच गोष्ट पक्की केली आणि सगळं काम तिच्याभोवती रचलं. जिथे हात आणि डोळा पोचत नाही, तिथे एकही जोड नाही. वायर लपवायची ती अखंड. जोड, कपलर, फ्यूज, अर्थचा बोल्ट हे सगळं उजेडात, बोनेट उघडल्या उघडल्या दिसेल असं. बाबांचं म्हणणं आणि माझी हौस यांच्यात मला सापडलेली ही वाट. काही गाड्यांत इंजिनची जागा रिकामी दिसावी म्हणून फ्यूजबॉक्ससुद्धा डॅशबोर्डच्या आत कुठेतरी कोंबतात. ते चुकीचं आहे असं मला ठामपणे वाटतं. बॅटरीपासून निघणाऱ्या वायरीवर पहिल्या वितीभरातच फ्यूज हवा. लपलेली वायर पत्र्याच्या धारेवर रोज थोडी थोडी घासत असते. फ्यूज लांब असला, तर तिथून बॅटरीपर्यंतच्या तुकड्याला कोणी वाली नसतो आणि पेट घेतो तो तिथेच.

मंगळवार-बुधवार नुसतं उकलण्यात गेले. प्रत्येक वायरला कागदी टेपची चिठ्ठी आणि वहीत नोंद. जुनी काळी टेप ऑक्टोबरच्या उन्हाने वितळून गुळाच्या काकवीसारखी झाली होती, ती रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढली. यावेळी कापडी टेप वापरली.

गुरुवारी वाट आखली. मडगार्डाच्या पोकळीत तळाला न जाता वरच्या कडेने, पत्र्याला रबरी क्लिपांनी धरून, कंगोऱ्यांच्या प्लास्टिक नळीतून. इंजिनच्या तापणाऱ्या मॅनिफोल्डपासून दूर. प्लगच्या जाड वायरींना खेटून नाही, कारण त्यांची घरघर रेडिओत येते. पत्र्याच्या भोकातल्या रबरी ग्रोमेटमधून आत शिरण्याआधी वायरला खाली झोळ दिला, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी पागोळीसारखं सुटतं, आत जात नाही. कौलाची कड भिंतीच्या पुढे का काढतात ते ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

लग सगळे क्रिम्प केले, म्हणजे चिमट्याने दाबून बसवले, कथलाचा डाग दिला नाही. डाग दिला की कथील तारांमध्ये वर चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो, आणि इंजिनच्या थरथरीने जिथे ताठ भाग संपतो तिथेच वायर तुटते. वरून आत गोंद असलेली स्लीव्ह गरम करून बसवली. कडेने गोंदाचा थेंब बाहेर डोकावला की समजायचं, पाणी आत जाणार नाही. तो थेंब दिसेपर्यंत मी प्रत्येक लगाशी थांबले. अर्थच्या बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा पांढरा केला आणि वर व्हॅसलीन.

हेडलाइटना रिले दिले, म्हणजे थोड्याशा करंटवर चालणारे मधले स्विच. आतापर्यंत दोन्ही दिव्यांचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून यायचा. ५५ वॅटचे दोन म्हणजे नऊएक अँपिअर. दीड एमएमच्या वायरला मीटरमागे साधारण १२ मिलीओहम रोध असतो. चार मीटर फिरवली की अर्ध्या व्होल्टच्या आसपास तिथेच गेले, स्विचचे आणि कळकलेल्या जोडांचे वेगळे. आता स्विच फक्त रिलेला इशारा देतो आणि दिव्याचा करंट बॅटरीकडून जवळच्या वाटेने जातो. आधी इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ आणि बल्बच्या पायाशी ११.६ व्होल्ट मोजले होते. आज संध्याकाळी बल्बशी १३.५ आले. मीटर दोनदा लावून बघितला.

अंधार पडल्यावर दिवे लावले. समोरच्या माडाच्या बुंध्यावरच्या खाचा एकेक मोजता येत होत्या. आई आतून म्हणाली, “कोण आलं गाडी घेऊन?”

सोमवार, दसरा

सकाळी झेंडूचे हार झाले. बाबा हार घेऊन गाडीपाशी आले आणि आधी बोनेट उघडायला सांगितलं. चष्मा पुसला, वाकले.

“हॉर्नची कुठाय?”

दाखवली. त्यांनी बोट ठेवून ती धरली आणि बोटानेच मागोवा घेत गेले, मडगार्डात शिरते तिथपर्यंत.

“इथून पुढे?”

“वरच्या कडेने, हॉर्नपर्यंत. मध्ये जोड नाही बाबा.”

त्यांनी ती बाहेर काढायची असल्यासारखी जोरात ओढून बघितली. हलली नाही. मग फ्यूजच्या डब्याचं झाकण उघडलं. आत मी नकाशा काढून प्लास्टिकमध्ये घालून ठेवलाय, कुठल्या रंगाची वायर कुठून कुठे. तो त्यांनी उन्हाकडे धरून पूर्ण वाचला. खिशातलं पेन काढून, जिथे मी नुसतं ‘पिवळी’ लिहिलं होतं तिथे ‘धुक्याचा दिवा’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. तो दिवा मी काढून माळ्यावर ठेवलाय, पण त्याची वायर टोक बंद करून तशीच ठेवली होती, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

“दिवा आहे ना अजून?”

“आहे.”

“उद्या लावू. कोल्हापूरला जायचंय पुढच्या महिन्यात.”

मी हार जाळीवर लावायला घेतला तर म्हणाले, तिथे नको, रेडिएटरची हवा अडेल. बोनेट मिटून त्यावर आडवा ठेवला.