एडिसनमधील शाळेची संध्याकाळ

आज जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूलमध्ये ‘बॅक टू स्कूल नाइट’ होती. या संध्याकाळी पालक मुलांच्याच वेळापत्रकाप्रमाणे वर्गावर्गांतून फिरतात. प्रत्येक तास जेमतेम दहा मिनिटांचा, आणि घंटा झाली की गर्दीतून वाट काढत पुढचा वर्ग शोधायचा. न्यू जर्सीतील या गावाला थॉमस एडिसन यांचे नाव १९५४ साली मिळाले आणि ही शाळा १९६४ साली सुरू झाली. नववी ते बारावीची अडीच हजारांच्या आसपास मुले येथे फी न भरता शिकतात, कारण शाळेचा बराचसा खर्च गावकऱ्यांच्या घरपट्टीतून भागतो.

रसायनशास्त्राच्या वर्गात माझ्या शेजारी दुकानाचा गणवेश न उतरवताच आलेले एक गुजराती गृहस्थ बसले होते आणि बाईंचा शब्द न् शब्द छोट्या वहीत उतरवून घेत होते. त्यांच्याकडे पाहताना मला माझे वडील फार आठवले. त्यांची पाळी सुटेपर्यंत साताऱ्यातील आमची शाळा बंद झालेली असे.

लेकीने वेळापत्रकाच्या पाठीमागे जिन्यांचा नकाशा पेन्सिलीने काढून दिला होता. तो कागद मी जपून ठेवला आहे.