पोरं टिकत नाहीत ती पगारामुळेच का?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात सरकारी कर्मचाऱ्यांना संगणकाचं प्रशिक्षण द्यायला जातो म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "तुमच्या त्या ऑफिसांत आयटीची पोरं टिकत का नाहीत हो? पगारच कमी, दुसरं काय!" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

पगार कमी आहेच, पण तेवढं बोलून आपण हात झटकतो. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला. त्यातली बरीच पोरं मुंबई-पुण्याची वाट धरतात. तरी आईवडिलांसाठी, बागेसाठी परत यायला तयार असलेलीही भेटतात. त्यांच्या हातात आपण काय ठेवतो? एजन्सीमार्फत 11 महिन्यांची ऑर्डर. पद नाही, बढती नाही. आणि दिवसभर काम काय, तर प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढा, साहेबांच्या व्हिडिओ कॉन्फरन्सला माइक लावा. इंजिनियर झालेलं पोर कशाला थांबेल?

थांबलं तरी गाडी दुसरीकडे अडते. कोकणातला सातबारा बघितलायत? सामाईक खातं, जमिनीच्या एकेका गट नंबरावर नावांची ही रांग. निम्मे मुंबईला, काही वारलेले, वारसनोंद कुणी केलीच नाही. जुन्या उताऱ्यावर हिस्से आणे-पैत. हस्तलिखितावरून संगणकावर घेताना कुठे एखादं नाव गळलं, कुठे क्षेत्राची बेरीजच जुळेना. ती दुरुस्ती जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली, आदेशानेच. डेटाबेस येणाऱ्या पोराला यातलं काही ठाऊक नसतं, आणि ते दोन दिवसांच्या पीपीटीत शिकवताही येत नाही.

हे ठाऊक असतं जुन्या कारकुनांना. एका तहसील कार्यालयात एक अव्वल कारकून बाई होत्या. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र सेवापुस्तकाला लागलेलं, पण एक्सेल म्हणजे त्यांच्या लेखी रेघा मारलेला कागद. त्यांना एवढंच दाखवलं: प्रत्येक खातेदाराचं क्षेत्र गटवार बेरीज करून उताऱ्यावरच्या एकूण क्षेत्राशेजारी मांडायचं आणि फरक येईल ती ओळ लाल करायची. दुपारच्या चहाच्या आत अख्ख्या गावाचे न जुळणारे गट समोर. "अहो, हा तर आमच्या वाडीतला घोळ," म्हणत त्यांनी कुठला फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, चढायचा राहिलाय तेही सांगितलं. कुठल्या सॉफ्टवेअरवाल्याला हे जमलं असतं?

पुढे त्यांचं संकलन, म्हणजे ऑफिसातलं कामाचं टेबल, बदललं. आता त्या रेशनकार्डं बघतात. बदल्यांचा 2005 चा कायदा आपल्या जागी ठीक आहे, 3 वर्षांनी माणूस हलावाच. पण शिकलेलं काम ज्याच्या हाती सोपवायचं, तो माणूसच ठरलेला नसतो.

तेव्हा नवीन पोरं जरूर घ्या, नियमित पदावर घ्या. त्यांना सर्व्हर रूममध्ये न बसवता अशा बाईंच्या शेजारचं टेबल द्या. आणि दोघांना एकदम हलवू नका.