ब्राच बेटावर जाताय? शनिवारी पोहोचू नका

क्रोएशियात समुद्रकाठी घर भाड्याने घेतलं आणि स्वयंपाक घरीच केला, तर कुटुंबाची सुट्टी हॉटेलच्या मानाने पुष्कळ स्वस्तात होते. पण ही बचत बऱ्याचदा पहिल्या दोन दिवसांतच उडते, आणि त्याला कारण असतो पोहोचण्याचा वार.

जुलै-ऑगस्टमध्ये दालमाशियातली, म्हणजे क्रोएशियाच्या दक्षिण किनारपट्टीवरची, बरीच घरं शनिवार ते शनिवार अशीच मिळतात. सकाळी जुने पाहुणे बाहेर, दुपारी नवे आत. त्यामुळे त्या दिवशी जाणारे-येणारे सगळे एकदमच स्प्लिटच्या धक्क्यावर; ब्राचची बोट याच बंदरातून सुटते. ब्राचवरच्या सुपेतार गावाची बोट जेमतेम ५० मिनिटांची, पण तिच्यात गाडी चढवायला त्याहून कितीतरी जास्त वेळ रांगेत जाऊ शकतो. तिकीट आधी काढलेलं असलं तरी त्याच फेरीत गाडीला जागा मिळेल याची हमी नसते. रांगेत जो आधी, तो बोटीत आधी. तापलेलं डांबर, मागच्या सीटवर कावलेली पोरं, पुढच्या दोन गाड्या आत गेल्या आणि आपल्या तोंडावर बोटीचं दार वर उचललं गेलं. मला याचा मनापासून राग येतो, कारण हे सगळं टाळता येतं.

गाडी नेऊच नका. स्प्लिटचं बसस्थानक, रेल्वे स्टेशन आणि धक्का एकमेकांना लागून आहेत. बॅगा ओढत बोटीत चढायचं. सुपेतारला बोट गावातच लागते, तेव्हा घर चालत जाण्याच्या अंतरावर घ्यायचं; बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बोल गावाला जायला बस आहे. गाडीचं भाडं, बोटीतलं तिचं तिकीट आणि पार्किंग, तिन्ही वाचतात. घराच्या भाड्यात घासाघीस करून एवढी बचत कधीच होत नाही.

शनिवारी संध्याकाळी पोहोचलात की उजाडतो रविवार. जुलै २०२३ पासून क्रोएशियात दुकानांना वर्षातले १६ रविवारच उघडं राहता येतं. किनाऱ्यावरची दुकानं त्यातले बरेच उन्हाळ्यासाठी राखून ठेवतात, तरी कुठलं दुकान कधी उघडं हे दारावरची पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. फ्रिज रिकामा, पोरं भुकेली, मग दोन्ही वेळा बाहेर जेवण. म्हणून पहिल्या रात्रीचा आणि दुसऱ्या सकाळचा शिधा स्प्लिटलाच घ्यावा: अंडी, पास्ता, कांदे, पाव, दूध, तेलाची छोटी बाटली, मीठ. पाण्याच्या बाटल्या वाहू नका, नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. युरोपीय संघाबाहेरून येताना मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, तूपसुद्धा चालत नाही. जूनमध्ये किंवा सप्टेंबरमध्ये गेलात तर मंगळवार-बुधवारपासून राहायला देणारे मालक सहज मिळतात. त्यातही मी सप्टेंबर निवडेन, कारण उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हा जूनपेक्षा उबदार असतं.

घराच्या जाहिरातीत ‘४+२’ असं लिहिलेलं असतं. चार म्हणजे पलंगांवरच्या जागा; दोन म्हणजे बहुधा स्वयंपाकघराला लागूनच्या बैठकीतला सोफा. त्या सोफ्यावर मुलं रात्री नऊला झोपली की भांडी घासणं, चहा, गप्पा, सगळं बंद. चौघांच्या कुटुंबाने ‘४’ बघावं आणि ‘+२’ विसरून जावं. समुद्राचं अंतरही नीट विचारावं. दालमाशियातली गावं उतारावर वसलेली, त्यामुळे नकाशावरचे १५० मीटर प्रत्यक्षात उभ्या पायऱ्या निघू शकतात. पायऱ्या किती, वाटेत सावली कुठे, हे मालकाला लिहून विचारा. शेगडीच्या चुली किती, फ्रिजला फ्रीझर आहे का, एसीचे पैसे वेगळे का, शेवटच्या सफाईचे किती, हेही त्याच पत्रात.

तीन-चार रात्रींपेक्षा कमी राहिल्यास बरेच मालक भाडं ३० टक्क्यांनी वाढवतात. मुक्कामाचा कर असतो; १२ वर्षांखालील मुलांना तो माफ आणि १२ ते १८ वयाला निम्मा. पोहोचताच पासपोर्ट मागितले तर बिचकू नका, पाहुण्यांची नोंद करणं मालकाला बंधनकारक आहे. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, आणि भारतीयांना हा व्हिसा लागतो; तेव्हा तो हाती येईपर्यंत रद्द करता येणारंच बुकिंग ठेवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो.

समुद्रासाठी प्रत्येकाला पाण्यात घालायचे रबरी बूट हवेतच. किनारे गोट्यांचे आहेत आणि खडकांच्या कपारीत सी अर्चिन हे काटेरी समुद्री जीव असतात. त्यांचा काटा तळव्यात मोडला की काढायला फार त्रास होतो. बोलचा झ्लात्नी रात हा किनारा सुंदर आहे, पण लहान मुलांना तिथे सकाळीच न्या. दुपारी माएस्त्राल हा समुद्रावरचा वारा सुटतो, ब्राच आणि शेजारच्या ह्वार बेटामधल्या सामुद्रधुनीत लाटा उठतात आणि पाणी विंडसर्फिंगवाल्यांचं होतं. वाऱ्याआधी पोहून घ्यायचं आणि पाइनच्या सावलीत डबा खाऊन दुपारच्या बसने परत निघायचं.