जुन्या भट्टीचा डेटा एका फायलीत आणताना

अंबड एमआयडीसीतल्या आमच्या हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये गिअर कार्ब्युराइझ होतात, म्हणजे तापवून त्यांच्या पृष्ठभागात कार्बन मुरवतात. भट्टीचा पीएलसी, म्हणजे ती चालवणारा कंट्रोलर, जुना, एसएलसी ५/०४ मॉडेलचा, पण ठणठणीत. तो बदलायचा नव्हता आणि ग्राहकाला प्रत्येक चार्जची (एका वेळी भट्टीत जाणाऱ्या मालाची) नोंद कॉम्प्युटरवर हवी होती, म्हणून मध्ये मॉडबस मॉड्यूल आलं; मॉडबस ही यंत्रांची आपसात डेटा द्यायची भाषा. ते बसवणं, केबल ओढणं किरकोळ. खरा किचाट पीएलसीच्या आत.

लॅडर, म्हणजे पीएलसीचा प्रोग्राम, अनेक हातांखालून गेलेलं आणि डेटा मेमरीच्या वेगवेगळ्या कप्प्यांत, म्हणजे फायलींत. तापमान आणि कार्बन पोटेन्शियल (भट्टीतल्या वायूची कार्बन द्यायची पातळी) एफ८ मध्ये, सोक टाइम (माल तापमानावर धरायचा वेळ) टी४ मध्ये, चार्जची मोजणी सी५ मध्ये, दारं-पंख्यांचे चालू-बंद बिट बी३ भर विखुरलेले. एन७ मध्ये तर ज्याला जिथे जागा दिसली तिथे त्याने काहीतरी कोंबलेलं. मॉड्यूलला मात्र सलग वर्ड, म्हणजे एकेका आकड्याची घरं, लागत होते.

"अरे, सगळ्या फायली कॉपी मारून टाक ना," मेंटेनन्सचे साहेब म्हणाले.

"साहेब, एक टायमर तीन वर्ड खातो. आपल्याला त्यातला ॲक्युम्युलेटेड, म्हणजे झालेला वेळ, तेवढाच हवाय."

मूळ फायलींना हात न लावता दोन नव्या केल्या. एन१० फक्त बाहेर जाणाऱ्या डेटाची, एन११ फक्त बाहेरून येणाऱ्या हुकमांची. कुठल्या वर्डमध्ये काय, हे आधी कागदावर, मग लॅडरमध्ये. मॉडबस एका वाचनात जास्तीत जास्त १२५ रजिस्टर (त्याच्या भाषेत वर्ड) देतो, त्यामुळे सतत लागणारं सगळं सुरुवातीच्या शंभरात बसवलं आणि प्रत्येक गटामागे मोकळे वर्ड ठेवले. उद्या एखादा थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर) वाढला तर पुढचे सगळे पत्ते सरकायला नकोत.

सगळ्यात जास्त डोकं फ्लोटने, म्हणजे दशांशाच्या आकड्यांनी, खाल्लं. ०.८५ टक्के कार्बन एमओव्ही या हलवायच्या सूचनेने इंटिजरमध्ये (पूर्णांकात) टाकला की सरळ १ होतो. धातूच्या भाषेत हा भलताच पदार्थ! सीओपी या कॉपीच्या सूचनेने टाकला तर बिट जसेच्या तसे दोन वर्डमध्ये जातात, पण पलीकडे वर्डचा क्रम उलटा लागला तर आकडा वेडावाकडा दिसतो. शिवाय सीओपीची लांबी पोहोचायच्या फायलीच्या हिशोबाने धरतात, म्हणजे दहा फ्लोटना वीस. मी सोपा मार्ग घेतला: तापमान गुणिले १०, कार्बन गुणिले १००. ९२१.४ अंश म्हणजे ९२१४; एका वर्डची ३२७६७ ची मर्यादा खूप लांब. विजेचे एकूण युनिट त्यात मावेनात, म्हणून तेवढा एकच आकडा फ्लोट ठेवला.

ही सगळी भरणी एकाच सबरूटीनमध्ये (प्रोग्रामच्या वेगळ्या तुकड्यात), स्कॅनच्या, म्हणजे प्रोग्रामच्या एका फेरीच्या, शेवटी. तारीख-वेळ पीएलसीच्या घड्याळाच्या वर्डमधून, एस:३७ ते एस:४२ मधून, तिथेच उचलली, म्हणजे वेळेचा शिक्का आणि आकडे एकाच स्कॅनचे.

एन११ बाबतीत मी जरा संशयी आहे. तिथून आलेला सेटपॉइंट (भट्टीला दिलेलं लक्ष्य) लिमिटमध्ये असेल आणि पलीकडून येणारा हार्टबीट वर्ड, म्हणजे लिंक जिवंत असल्याची खूण, बदलत असेल, तरच तो एफ८ मध्ये जातो. लिंक तुटून शून्य आलं म्हणून भट्टी थंड व्हायला नको.

साप्ताहिक सुट्टीला भरणी बंद ठेवून एन१० च्या प्रत्येक वर्डमध्ये त्याचाच नंबर टाकला. स्क्रीनवर १७ च्या जागी १८ दिसला की एका घराचा फरक लगेच कळतो. ४०००१ नंबरचं रजिस्टर म्हणजे प्रत्यक्षात पत्ता शून्य, हा मॉडबसचा जुना घोळ. तो निस्तरल्यावर खरे आकडे सोडले. भट्टीवरचे काका चार्ट रेकॉर्डरचा कागद घेऊन आले, स्क्रीनशी ताडून बघितला आणि म्हणाले, "जुळतंय. पण कागद बंद करू नका हं."

कागद अजून चालू आहे.