ल्विव की ल्वोव?

आज ऑफिसच्या कॉलवर नवी सहकारी म्हणाली, मी ल्विवची, म्हणजे युक्रेनमधल्या ल्विव शहरातली. आमच्यातल्या एकाने सहज ‘ल्वोव’ म्हटलं, तिने तिथल्या तिथे थांबवलं. ल्वोव हे रशियन रूप. पोलिश लोकांचं ल्वुफ. ऑस्ट्रियाच्या राजवटीत, १७७२ ते १९१८, लेम्बर्ग. तेराव्या शतकात राजा दानिलोने मुलाच्या, म्हणजे लेव्हच्या, नावाने वसवलेलं हे शहर; किती राजवटी, तितकी नावं!

तिचा उच्चार कान देऊन ऐकला. ल मऊ, त्याला लगेच व चिकटलेला, आणि शेवटचा व ओठांचा चंबू करून सोडलेला, जवळजवळ ‘ल्विऊ’. इंग्रजीवाले मध्ये अ घुसवून ‘लविव’ करतात. आपल्याकडे जोडाक्षर आयतं आहे की!

ऑफिसच्या सिस्टिममध्ये मात्र अजून जुनंच स्पेलिंग. उद्या आयटीवाल्यांच्या मागे लागते.